वितरित फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या मुक्त-स्रोत लायब्ररी : एक तुलनात्मक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
एकच काम अनेक संगणकांत वाटून करणे म्हणजे वितरित संगणन होय. एकदा ठरलेले मूल्य पुन्हा न बदलणे हे फंक्शनल प्रोग्रॅमिंगचे प्रमुख तत्त्व आहे. त्यामुळे सामायिक स्मृतीतील बदलांतून उद्भवणारे दोष टळतात व दोहोंचा मेळ स्वाभाविक ठरतो. १९७३ मध्ये कार्ल ह्युइट, पीटर बिशप व रिचर्ड स्टायगर यांनी 'ॲक्टर' प्रतिमान मांडले. त्यात स्वतंत्र घटक केवळ संदेशांद्वारे परस्परांशी व्यवहार करतात. प्रस्तुत लेखात या विचाराशी नाते सांगणाऱ्या तीन लायब्ररींची तुलना तंत्र व परवाना या दोन निकषांवर केली आहे.

विवेचन :
स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९८६ मध्ये जो आर्मस्ट्राँग यांनी एर्लांग भाषेच्या कामास प्रारंभ केला. रॉबर्ट व्हर्डिंग व माइक विल्यम्स हे त्यांचे सहकारी. तिची 'ओटीपी' ही लायब्ररी दोष टाळण्यापेक्षा दोषातून सावरण्यावर भर देते. बिघडलेली प्रक्रिया बंद पडू द्यावी आणि तिच्या पर्यवेक्षक प्रक्रियेने ती नव्याने सुरू करावी, असे तिचे सूत्र आहे. १९९८ मध्ये एरिक्सनच्या एका विभागाने नव्या उत्पादनांसाठी एर्लांग वर्ज्य ठरविली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती मुक्त-स्रोत झाली.

२०११ मध्ये जेफ एपस्टीन, अँड्र्यू ब्लॅक व सायमन पेटन जोन्स यांनी क्लाउड हॅस्केल मांडताना एर्लांगचेच प्रतिमान स्वीकारले. मात्र फंक्शन दुसऱ्या संगणकाकडे पाठविताना त्याने धारण केलेली मूल्येही पाठवावी लागतात. हॅस्केलच्या काटेकोर प्रकार-व्यवस्थेत हे कसे साधावे, हा येथील कळीचा प्रश्न होता. त्यासाठी स्थिर फंक्शनांची संकल्पना योजण्यात आली.

योनास बोनेर यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या 'अक्का'ने पर्यवेक्षणाची कल्पना स्काला व जावाच्या जगात आणली. सप्टेंबर २०२२ मध्ये लाइटबेंड कंपनीने पुढील आवृत्त्यांसाठी अपाची परवाना सोडून बंधनकारक व्यावसायिक परवाना स्वीकारला. तेव्हा जुन्या मुक्त आवृत्तीतून अपाची प्रतिष्ठानाच्या छत्राखाली 'पेक्को' हा स्वतंत्र प्रकल्प उभा राहिला.

निष्कर्ष :
दोषसहिष्णुतेत ओटीपी, प्रकारांच्या काटेकोरपणात क्लाउड हॅस्केल आणि जावाच्या प्रचलित परिसंस्थेत अक्का सरस ठरते. तथापि केवळ तांत्रिक निकष पुरेसे नाहीत. एर्लांगला मालकाने दूर सारल्यावर मुक्त परवान्याने तारले. अक्काच्या मालकाने परवाना बदलल्यावर वापरकर्त्यांना जुन्या मुक्त परवान्यानेच पर्याय दिला. म्हणून लायब्ररीची निवड करताना तिच्या परवान्याचा इतिहासही अभ्यासणे अगत्याचे ठरते.