सावलीतला आकडा

चैत्र यात्रेत भर दुपारी जोतिबाचा डोंगर अनवाणी चढताना दगडी पायरीवर पाऊल ठरत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात कोल्हापूरचं तापमान ३८ छापून येतं आणि कट्ट्यावर वाद पेटतो: आमच्या गाडीत तर ४४ दाखवत होतं! पेपरातला आकडा खोटा नाही. तो सावलीतल्या हवेचा आहे, आणि त्या सावलीची गोष्ट स्कॉटलंडपासून सुरू होते.

दीपगृहं बांधणारे अभियंते थॉमस स्टीव्हन्सन, म्हणजे ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्याचे वडील, यांनी १८६०च्या दशकात पांढरी, झडपांची लाकडी पेटी घडवली. वारा आत खेळतो, ऊन शिरत नाही. आपल्याकडे तिचं दार उत्तरेला असतं आणि तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर. आत पाऱ्याचा तापमापक दिवसाचा उच्चांक धरून ठेवतो, अल्कोहोलचा रात्रीचा नीचांक. भारतीय हवामान खातं १८७५चं. त्याची मुख्य कचेरी १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आली. शिवाजीनगरची ती इमारत पुणेकरांसाठी आजही ‘सिमला ऑफिस’च आहे.

पेटी असली तरी वाचणारा पक्का हवा. लिबियातल्या अल अझिझियात १३ सप्टेंबर १९२२ला ५८ अंशांची नोंद झाली आणि पुढची नव्वद वर्षं जगातलं सर्वांत उष्ण ठिकाण म्हणून हेच नाव मुलांनी पाठ केलं. २०१२ साली जागतिक हवामान संघटनेने तपास करून ती नोंद बाद केली. निरीक्षक बहुधा नवखा होता, त्याने तापमापकाच्या काट्याचं चुकीचं टोक वाचलं असावं. फरक सुमारे सात अंशांचा. मला हा तपास फार मोलाचा वाटतो. आता मान कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीला: ५६.७ अंश, १० जुलै १९१३. थंडीचा मान अंटार्क्टिकावरच्या व्होस्टोक ठाण्याला: उणे ८९.२, २१ जुलै १९८३.

उपग्रहांनी इराणच्या लूत वाळवंटात ७०.७ अंश टिपले, अंटार्क्टिकाच्या बर्फावर उणे ९३. पण ते जमिनीच्या आणि बर्फाच्या पृष्ठभागाचं तापमान, हवेचं नव्हे. जोतिबाच्या पायरीचा चटका त्याच जातीचा. पेपरातल्या ३८शी त्याची तुलना होत नाही, पण अनवाणी चालणाऱ्याला भाजतो तो हाच आकडा. यात्रेच्या दिवशी दुपारी दोन वाजता गुलालाने माखलेल्या त्या दगडाचंही तापमान कुणीतरी मोजावं आणि पेपरात ३८च्या शेजारी छापावं, असं मला मनापासून वाटतं.