कंपनीने काम परदेशी हलवले, नोकरी गेली : तुम्हाला काय मिळू शकते?

काम परदेशी का जाते?
मजुरी, कर किंवा वाहतूक स्वस्त पडते तिथे कंपनी काम हलवते. याचा फायदा ग्राहक व भागधारकांमध्ये थोडाथोडा वाटला जातो. तोटा मात्र एकाच गावावर पडतो. पगार थांबले की किराणा दुकान, खाणावळ, भाड्याच्या खोल्या यांचेही उत्पन्न घटते.

रायपूरजवळील उरला व सिलतरा येथील स्पंज आयर्न कारखाने राज्यातल्या खनिजावर आणि कोळशावर चालतात. ते सहज हलत नाहीत. कॉल सेंटर, डेटा एन्ट्री यांसारखे संगणकावरचे काम मात्र लवकर हलते. असे बरेच काम परदेशातूनच भारतात आले होते.

तळेगावचे उदाहरण
जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबवली. पुण्याजवळचा तळेगाव प्रकल्प त्यानंतर निर्यातीवर चालला आणि डिसेंबर २०२० मध्ये तेथील उत्पादन थांबले. जानेवारी २०२४ मध्ये तो ह्युंदाईकडे गेला. कारखान्याला नवा मालक मिळायला तीन वर्षे लागली. घरखर्च तेवढा थांबत नाही.

तुमचे हक्क
* नुकसानभरपाई : औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कपातीपूर्वी एक महिन्याची सूचना किंवा तेवढे वेतन, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचे सरासरी वेतन मिळते. आठ वर्षे सेवा असेल, तर १२० दिवसांचे.
* पुनर्कौशल्य निधी : कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात १५ दिवसांचे वेतन ४५ दिवसांत जमा व्हावे लागते.
* अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना : कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) असलेल्यांना सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. दिवसाचे वेतन ६०० रुपये धरल्यास एकूण २७,००० रुपये. किमान दोन वर्षांची विमायोग्य नोकरी आणि ठरलेल्या दिवसांचे अंशदान आवश्यक.
* राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना : कारखाना बंद पडल्यास किंवा कपात झाल्यास विमाधारकाला २४ महिन्यांपर्यंत भत्ता, पहिली १२ महिने ५० टक्के, पुढे २५ टक्के. दोन्ही योजनांचा लाभ एकाच काळासाठी घेता येत नाही.

सही करण्यापूर्वी
कंपनीने पुढे केलेल्या कागदावर ‘राजीनामा’ किंवा ‘स्वेच्छानिवृत्ती’ लिहिले आहे का, ते वाचा. नोकरी स्वतःहून सोडल्याची नोंद झाली, तर वरील भत्ते हातचे जाऊ शकतात. कपातीचे किंवा बंदीचे लेखी पत्र मागून घ्या.

रायपूरला परतलात तर
विमा क्रमांक देशभर तोच राहतो. नोकरी पुण्यात गेली असली, तरी ईएसआयच्या संकेतस्थळावर दावा भरता येतो. अडचण आल्यास जवळच्या शाखा कार्यालयात विचारा. विमा क्रमांक, आधार, बँक पासबुक आणि कंपनीचे पत्र जवळ ठेवा. अटल योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते. अर्जापूर्वी ती तपासून घ्या.