मोटारीचा लगाम

यवतमाळ शहर पठारावर वसलेलें आहे आणि धामणगांवचें रेल्वेस्टेशन खालच्या सपाट मुलखांत आहे. यवतमाळास आगगाडी येण्यापूर्वीं येथील कापूस बैलबंड्यांत भरून याच रस्त्यानें धामणगांवास जात असे. भरलेली बंडी उतारावर आली कीं बैलांना पुढें रेटूं लागे आणि गाडीवान कासरा आखडून धरी. चढण्यापेक्षां उतरणें कठीण, हें आपल्या लोकांस मोटार येण्यापूर्वींच ठाऊक होतें.

आज मला मोटारीच्या ब्रेकचा, आणि विशेषतः त्यांतील कॅलिपर नांवाच्या भागाचा, इतिहास सांगावयाचा आहे. हा विषय शाळामास्तराचा नव्हे, असें कोणी म्हणेल. परंतु सुमारें दहा वर्षांपूर्वीं ह्याच रस्त्यावर तो मला शिकावा लागला. ती हकीकत मागाहून सांगतों.

आरंभीच्या मोटारींत, घोडागाडींतल्याप्रमाणेंच, एक ठोकळा चाकाच्या धावेवर दाबीत. पुढें 1902 सालीं फ्रान्समध्यें लुई रेनो यानें ड्रम ब्रेक मोटारीस लावला. चाकाबरोबर फिरणारा पोकळ ड्रम आणि आंतून त्याच्या कडेवर दाबले जाणारे दोन बूट, अशी ती रचना. नवल असें कीं त्याच 1902 सालीं इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यानें अगदीं निराळ्या युक्तीचें पेटंट घेतलें. चाकाबरोबर एक उघडी चकती फिरावी आणि दोन जबड्यांनीं ती दोहों बाजूंनीं चिमटींत धरावी, ही ती युक्ति. आजचा डिस्क ब्रेक तो हाच, आणि हा चिमटा म्हणजेच कॅलिपर. पण लँचेस्टरच्या जबड्यांत तांबें होतें. तें चकतीवर घासलें कीं कर्कश किंकाळी उठे, आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर तें लवकर झिजूनही जाई. कल्पना बरोबर, पण तिला साजेसा पदार्थ मिळाला नव्हता. त्यामुळें पुढें सुमारें पन्नास वर्षें ड्रमचेंच राज्य चाललें.

मधल्या काळांत पायाचा जोर चाकांपर्यंत नेण्याची रीत मात्र पालटली. सळ्या व तारा जाऊन नळींतील तेल आलें. 1921 सालच्या ड्यूसेनबर्ग मोटारीस चारही चाकांना तेलाचे ब्रेक होते. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखा पसरतो, हा पास्कलचा नियम मीं कित्येक वर्षें फळ्यावर लिहिला. परंतु त्याची एक अट आहे. द्रवांत हवा नसावी. तेल दाबलें जात नाहीं, हवा दाबली जाते. नळींत हवेचा बुडबुडा राहिला तर पायाचा जोर तो बुडबुडाच खाऊन टाकतो.

ड्रमचा दोष उष्णतेचा. लांब उतारावर तो तापून फुगतो, आंतल्या बुटांपासून दूर सरकतो आणि ब्रेक लागेनासा होतो. उघडी चकती वाऱ्यानें निवते. 1953 सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत डिस्क ब्रेकची जग्वार पहिली आली, तेव्हां लँचेस्टरच्या युक्तीचें सार्थक झालें. 1955 सालीं सित्रोएन डीएस ह्या घरगुती मोटारीच्या पुढच्या चाकांस डिस्क आल्या. आपल्याकडे मात्र कुर्ल्याची फियाट अकराशे व सुरुवातीची अँबेसडर चारही चाकांस ड्रम घेऊनच धांवत होत्या.

त्यामुळें आपल्या कारागिरांचा हात ड्रमवर बसला. लायनर ठोकावें, कानशीनें घासावें, ड्रम लेथवर फिरवून घ्यावा. जमवून घेण्याला तेथें पुष्कळ वाव होता. कॅलिपर तसा नाहीं. एकाच नांवाच्या मोटारींत वर्षागणिक चकतीचा व्यास व जाडी बदललेली असते. चकती भरीव आहे कीं मधून पोकळ, पिस्टनचा व्यास किती, हें मोजून पाहावें लागतें. पिस्टन मोठा झाला तर त्याला तेल अधिक लागतें आणि पायटा अधिक खोल जातो. म्हणून नव्या कॅलिपरची मागणी मोटारीच्या नांवावरून न करतां चासी नंबरावरून करावी, आणि जुन्या कॅलिपरच्या अंगावर ओतलेला क्रमांक ताडून पाहावा. शिवाय डावा व उजवा हीं दोन निराळीं अंगें आहेत. बहुतेक मोटारींत ते एकमेकांच्या जागीं बिनतक्रार बसतात. फसगत होते ती ह्यामुळेंच.

माझी तशीच झाली. जुनी मोटार घेतली होती. एका कारखान्यांत पुढचे दोन्ही कॅलिपर बदलून घेतले. पायटा थोडा मऊ लागे. कारागीर म्हणाला, "चालवा, बसेल." चार दिवसांनीं पत्नी व नात यांसह धामणगांवास निघालों. उतारावर पायटा दाबला तो थेट तळास गेला. भराभर चारपांच वेळां दाबल्यावर कांहींसा जोर आला. गिअर खालीं आणून व हातब्रेक ओढून गाडी कडेच्या मुरमांत थांबविली. नात मागें झोंपली होती, ती जागीही झाली नाहीं. पत्नी मात्र पुढें घरीं पोंचेपर्यंत बोलली नाहीं.

माझा एक जुना विद्यार्थी मोटारींचेंच काम करतो. त्यानें येऊन चाक काढलें, आंत डोकावून पाहिलें आणि म्हणाला, "गुरुजी, हे उलटे बसवले न् जी! डावा उजवीकडे अन् उजवा डावीकडे." तेलांतली हवा बाहेर काढण्याचें निपल कॅलिपरच्या माथ्यावर हवें, तें बुडाशीं गेलें होतें. हवा वर चढते, हें मीं वर्गांत शिकविलेलें. ती वरच अडकून बसली होती, आणि कारागीर खालून निव्वळ तेल काढीत राहिला होता.

त्यानें दोन्ही कॅलिपर आपापल्या जागीं बसविले, तांब्याचे वायसर नवे घातले, आणि मला पायट्यावर बसवून निपल सैल केलें. बराच वेळ फेंस व बुडबुडे येत राहिले. मग तेलाची अखंड धार लागली आणि पायाखालचा पायटा दगडासारखा घट्ट झाला.