पत्रादेवीचे हुतात्मे आणि ‘शहीद’ शब्द

इन्सुली म्हटलं की लोकांना तपासणी नाका आठवतो. गोव्याहून येणाऱ्या गाड्या तिथं थांबतात, डिक्या उघडल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात दारू पकडल्याची बातमी येते. पण याच रस्त्यानं बांद्याच्या पुढं गेलं की पत्रादेवी लागते. तिथलं हुतात्मा स्मारक बघायला थांबणारे थोडेच.

१५ ऑगस्ट १९५५. देशभरातून आलेले सत्याग्रही तिरंगा घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले. हातात शस्त्र नव्हतं. पोर्तुगीज पोलिसांनी गोळीबार केला. त्या दिवशी गोव्याच्या वेगवेगळ्या सीमांवर वीसहून अधिक माणसं मारली गेली. पत्रादेवीला मध्य प्रदेशातल्या सहोदराबाई राय झेंडा घेऊन पुढे होत्या. त्यांना गोळी लागली, तेव्हा पंजाबच्या लुधियाना जिल्ह्यातल्या इस्रू गावचे कर्नैल सिंग पुढे सरसावले. पंचविशीतला तो शिक्षक तिथंच कोसळला. सहोदराबाई वाचल्या. १९५७ साली त्या लोकसभेवर निवडून गेल्या.

या माणसांना काय म्हणायचं? सैनिक तर ते नव्हते. उलट या गोळीबारानंतर भारत सरकारनंच सत्याग्रहींना सीमा बंद केली. गोव्यात सैन्य गेलं ते थेट डिसेंबर १९६१मध्ये.

आपण पटकन ‘शहीद’ म्हणतो. हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ साक्षीदार. कुरआनात तो बहुतेक ठिकाणी याच अर्थानं येतो. गंमत म्हणजे इंग्रजीतला ‘मार्टर’ ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचाही अर्थ साक्षीदारच. मराठीनं ‘हुतात्मा’ घेतला. त्यात साक्ष नाही, आहुती आहे. भारतीय लष्कराच्या कागदपत्रांत मात्र यातलं काहीच नसतं. तिथं युद्धात कामी आलेल्या जवानाची नोंद कोरड्या शब्दांत होते. पत्रादेवीला मला अरबी शब्दच जास्त जवळचा वाटतो. नि:शस्त्र माणूस बंदुकीपुढं उभा राहतो, तो साक्ष द्यायलाच. शीख तरुणासाठी मी हा शब्द वापरला म्हणून कुणी नाक मुरडेल, तर मुरडो.

आपल्याकडं मेलेल्याचं स्मरण दगडात करायची रीत जुनीच. वीरगळाच्या खालच्या चौकटीत लढाई, वर अप्सरा त्याला घेऊन चालल्यात, सगळ्यात वर शिवलिंगापुढं हात जोडलेला वीर. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर तर आरमारी लढाई कोरलीय. बहुतेक वीरगळांवर नाव नाही, तो कशासाठी मेला हे मात्र चित्रात दिसतं. गायी सोडवताना पडला असेल तर गायीही कोरलेल्या असतात. पत्रादेवीला गायींच्या जागी झेंडा कोरावा लागेल, आणि समोरच्याच्या हातात बंदूक. वीराच्या हाती तलवार नसलेला वीरगळ मी अजून पाहिलेला नाही.