शिष्यवृत्ती, सातबारा आणि गुरांचा डॉक्टर

दलित समाजाच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण वकील मोजतो, प्राध्यापक मोजतो, अधिकारी मोजतो. शिष्यवृत्तीच्या बळावर शेतकी आणि पशुवैद्यक शिकलेल्या आपल्या मुलांची मोजदाद मात्र आपण कधी केली नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या रानात घाम गाळला आणि दुसऱ्याच्या गोठ्यातली मेलेली जनावरे ओढली, त्याच समाजाचा पोरगा ते शास्त्र शिकून त्या रानात आणि त्या गोठ्यात परत जातो, ही घटना लहान नाही. ती शिष्यवृत्तीने घडविली. परंतु ती कितपत घडली आणि कुठे अडली, हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागते.

सुरुवात जोतीरावांपासून करणे भाग आहे. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दोन मागण्या केल्या. प्राथमिक शाळेत शेतीची तोंडओळख करून द्यावी, ही एक. सर्वांना खुल्या असलेल्या शिष्यवृत्त्या प्रत्यक्षात शिकलेल्या जातींच्याच घरात जातात, म्हणून त्यांतील काही भाग ज्या वर्गांत विद्या पोचलेलीच नाही त्यांच्यासाठी राखावा, ही दुसरी. पुढच्याच वर्षीच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ते आणखी पुढे गेले. शेतकऱ्यांच्या मुलांच्या परीक्षा घ्याव्यात, त्यांना पदव्या द्याव्यात आणि सरकारी खर्चाने परदेशांतील शेतकीशाळा पाहावयास पाठवावे, असे त्यांनी सुचविले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८७९ पासून शेतकीचा वर्ग होता. पण त्या वर्गाच्या दारात पोचायचे तर आधी इंग्रजी यावे लागे, आणि नांगर धरणाऱ्याच्या पोराची मराठी शाळासुद्धा पुरी होत नव्हती. जोतीरावांना हे डोळ्यांसमोर दिसत होते. शेतीचे ज्ञान आणि शेतात राबणारा हात यांची गाठ शिष्यवृत्तीने घालून द्यावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

सरकारने नेमके याच्या उलट केले. याच काळात बंगाल सरकार पदवीधर तरुणांना शिष्यवृत्ती देऊन इंग्लंडात सायरेन्सेस्टरच्या शेतकी कॉलेजात पाठवीत होते. पुढे नाटककार म्हणून गाजलेले द्विजेंद्रलाल राय हे त्यांपैकीच एक. इंग्रजी साहित्याचे ते एम. ए. १८८४ साली ते विलायतेस गेले, शेतकीच्या पदव्या घेऊन १८८६ साली परतले आणि सरकारने त्यांना डेप्युटी मॅजिस्ट्रेट केले! खत, बियाणे, जनावरांची पैदास हे सारे शिकून आलेला माणूस कोर्टाच्या खुर्चीत बसला. मिदनापूर जिल्ह्यात जमाबंदीचे काम करताना त्यांनी रयतेच्या बाजूने निर्णय दिला आणि वरिष्ठांचा रोष पत्करला, हे मी मुद्दाम नोंदवितो. माणूस प्रामाणिक होता. दोष त्यांचा नव्हता. गिरीशचंद्र बोस हे दुसरे शिष्यवृत्तीधारक. त्यांनी परत आल्यावर शाळा काढली आणि तिच्यातूनच कलकत्त्याचे बंगवासी कॉलेज उभे राहिले. म्हणजे रयतेच्या शेतीसाठी काढलेल्या शिष्यवृत्तीतून मॅजिस्ट्रेट निघाले, कॉलेजचे संस्थापक निघाले. शेत होते तिथेच राहिले.

आपल्याकडे हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अंगाने प्रथम बाबासाहेबांनी हाताळला. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून आलेल्या या तरुणाने १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे नुसते एकत्र जोडल्याने भागणार नाही, जमिनीवर रिकाम्या हातांचा भार फार आहे, त्या हातांना दुसरे काम दिले पाहिजे, असा त्या निबंधाचा रोख आहे. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन सादर केले. कला आणि कायद्याच्या पदव्यांचा आमच्या मुलांना फारसा उपयोग नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे वरचे शिक्षण मिळाले पाहिजे, असे त्यात स्पष्ट आहे. स्वतः कायद्याचा पंडित असलेला माणूस हे लिहितो! वार्षिक तीन लाखांची रक्कम मंजूर झाली आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आमच्या वस्तीत तिला आजही ‘भारत सरकारची स्कॉलरशिप’ म्हणतात. जोतीरावांनी मागितलेला राखीव वाटा मिळायला साठाहून अधिक वर्षे लागली.

त्यानंतर महाराष्ट्रात शेतकी शिक्षणाचा विस्तार झाला. राहुरी १९६८, अकोला १९६९, दापोली आणि परभणी १९७२, अशी चार कृषी विद्यापीठे उभी राहिली. राहुरीच्या विद्यापीठाला तर जोतीरावांचेच नाव आहे. माझे चुलते सत्तरच्या दशकात मॅट्रिक होऊन ‘भारत सरकार’वर शेतकी पदविका शिकले. वस्तीतला पहिला पगारी माणूस. कृषी सहाय्यक म्हणून त्यांनी तीस वर्षे सोलापूर जिल्ह्याची गावे सायकलीवर आणि मग लुनावर पालथी घातली. मातीचे नमुने कसे घ्यावेत, ज्वारीला बीजप्रक्रिया का करावी, तूर केव्हा टोकावी, हे ते बागायतदारांना बांधावर उभे राहून सांगत. ऐकणारे ऐकत. पण जेवणाची वेळ झाली की चुलते आपली भाकरी सोडून झाडाखाली बसत. ही गोष्ट त्यांनी घरी कधी सांगितली नाही. त्यांच्या एका सहकाऱ्याने मला फार उशिरा सांगितली.

आणि आमची जमीन? महार वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. ते जोखड कायद्याने निघायला १९५८ साल उजाडले. वतनाची जमीन भाऊबंदकीत वाटत वाटत आमच्या घराच्या वाट्याला सात गुंठे आले, ओढ्याकडेचे, खडकाळ. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली. आमचा आजाही गेला होता. तुरुंगातून तो परत आला, जमीन आली नाही. चुलत्यांनी नोकरीत किती लोकांचे सातबारे चाळले असतील, त्याला गणती नाही. स्वतःच्या नावावर मोजून दाखवावे असे रान त्यांच्याकडे शेवटपर्यंत नव्हते. शिकलेले शास्त्र पेरायचे कुठे? दुसऱ्याच्या रानात. निवृत्तीनंतर त्यांनी त्या सात गुंठ्यांत शेवगा लावला आणि दोन वर्षांत तो नीट आलाही. ओढ्याला पाणी आले आणि निम्मी झाडे गेली.

शेतकी शिकलेला भूमिहीन माणूस नोकरीवाचून पांगळा होतो, असे माझे मत बनले आहे. हे मत कडवट वाटेल, पण चुलत्यांचे आयुष्य समोर ठेवून मला दुसरे म्हणवत नाही. भूमिहीनांच्या मुलांसाठी शेतकीची शिष्यवृत्ती आणि जमिनीचे वाटप या दोन गोष्टी सरकारने कधी एका फायलीत आणल्या नाहीत. २००४ साली दादासाहेबांच्याच नावाने भूमिहीनांना चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देण्याची योजना निघाली. तिच्यात कृषी पदविकाधारकाला अग्रक्रम द्यावा, एवढी साधी गोष्ट मी अनेक सभांतून बोललो आहे. टाळ्या पडतात.

पशुवैद्यकाचे तसे नाही. मुंबईचे पशुवैद्यकीय कॉलेज १८८६ सालचे, नागपूरचे १९५८ सालचे, परभणीचे १९७२ सालचे. या विद्येला सातबारा लागत नाही. हातात विद्या असली की जनावर दुसऱ्याचे असले तरी चालते. माझ्या धाकट्या भावाने २००९ साली हा रस्ता धरला. तो आणि मी, आमच्या घरातले पहिले पदवीधर. त्याच्या कॉलेजचे नाव मी लिहीत नाही. शिष्यवृत्तीचे पैसे वर्ष उलटून गेल्यावर आले. तोवर मेसचे बिल थकले आणि परीक्षेचा अर्ज अडवून धरण्यात आला. वडिलांनी मालकाकडून सालाची उचल घेतली आणि ती पुढची दोन साले राबून फेडली. शिष्यवृत्ती वेळेवर न देणे म्हणजे ती सावकाराच्या हाती देणे होय, हे अधिकाऱ्यांना कळत नाही असे मी मानीत नाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने या योजनेसाठी पाच वर्षांचे ५९,०४८ कोटी मंजूर केले आणि त्यात आपला वाटा ६० टक्के ठेवला. रक्कम मोठी आहे. पोराला ती कोणत्या महिन्यात मिळते, हे मी विचारीत असतो.

महाडच्या १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे सोडा म्हणून सांगितले. आमच्या आज्याने ते १९५६ साली दीक्षा घेतल्यावर सोडले आणि खळ्यावरचे बलुते त्याच सुगीला बंद झाले. त्यानंतर साठ वर्षांनी भाऊ सुटीवर गावी आला असताना रात्री वाड्यावरून बोलावणे आले. गाय अडली होती. वासरू आडवे आले होते. भावाने गरम पाणी आणि साबण मागितला, खांद्यापर्यंत हात धुतला आणि कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली तासभर झटला. वासरू जिवंत निघाले. वाड्यातला म्हातारा खाटेवरून बघत होता. त्याने विचारले, “कुनाचा रं तू?” भावाने आज्याचे नाव सांगितले. म्हातारा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “ह्याच गोठ्यातनं त्येनं लई ढोरं वडली.” भाऊ म्हणाला, “होय. आता वार पडली का बघा, सकाळपर्यंत पडली नाही तर बोलवा.” आणि घरी आला. वडील जागे होते. त्यांनी फक्त एवढेच विचारले, “पाणी कुठल्या भांड्यात दिलं?”

यंदा वस्तीतल्या दोन मुली माझ्याकडे महाडीबीटीचा अर्ज भरायला आल्या. एकीला पशुवैद्यकीयला प्रवेश मिळाला आहे, दुसरीला कृषी पदवीला. कृषीवाली मला म्हणाली, “सर, आमाला तर रान न्हाई. शिकून करू काय?” मला उत्तर सुचले नाही. चुलत्यांचे दप्तर अजून आमच्या माळ्यावर आहे. त्यात माती परीक्षणाच्या वह्या आहेत. त्या तिला काढून द्याव्यात असे मनात आले. तूर्त मी तिला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला सोमवारपर्यंत आणायला सांगितले.