स्टँडबाय असला तरी बॅकअप हवाच

स्टँडबाय सर्व्हर नीट लावला की बॅकअप ऑडिटपुरता उरतो, असे डेटाबेस सांभाळणाऱ्या पुष्कळांना मनापासून वाटते. या मतात तथ्य नाही असे नाही. पोस्टग्रेसमध्ये २०१० च्या ९.० आवृत्तीपासून स्ट्रीमिंग रेप्लिकेशन आहे. मुख्य सर्व्हर प्रत्येक बदल आधी ‘वॉल’ या लॉगमध्ये लिहितो. त्या नोंदी लगोलग स्टँडबायकडे जातात आणि तिथे जशाच्या तशा लागू होतात. डिस्क गेली किंवा मशीनच बंद पडले, तर स्टँडबायला प्रमोट करून थोड्याच वेळात काम सुरू करता येते. कालच्या डम्पमधून इतक्या लवकर आणि इतक्या ताज्या डेटासह उभे राहता येणार नाही.

पण डेटा काही फक्त मशीन बिघडल्यानेच जात नाही. ‘व्हेअर’ न लिहिता चालवलेला ‘डिलीट’, भलत्याच टेबलावरचा ‘ड्रॉप’, नव्या कोडमधल्या दोषाने आठवडाभर चुकत गेलेल्या रकमा, हे सारे डेटाबेसच्या लेखी वैध व्यवहार आहेत. स्टँडबाय तेही तितक्याच इमानाने गिरवतो. रेप्लिकेशन सिंक्रोनस असेल, तर चूक दोन्हीकडे पोचल्याची हमीच मिळते. स्टँडबाय जितका तत्पर, चूक होण्याआधीचा डेटा त्याच्याकडून मिळण्याची आशा तितकीच कमी.

यावर उत्तर दिले जाते की स्टँडबाय मुद्दाम मागे ठेवावा. ९.४ आवृत्तीपासून तशी सोय आहे, आणि ती चांगलीही आहे. पण चार तास मागे ठेवलेल्या स्टँडबायला पाचव्या तासाला लक्षात आलेली चूक परतवता येत नाही. वर सांगितलेल्या रकमांचा घोळ तर कित्येकदा महिनाअखेरीच्या ताळ्यातच दिसतो.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत काय झाले ते पाहा. मुख्य डेटाबेसवर भार वाढला, स्टँडबाय मागे पडला, आणि त्याला लागणारे वॉलचे तुकडे मुख्य सर्व्हरवरून पुसले गेले. ते आर्काइव्हही होत नव्हते. म्हणून स्टँडबाय रिकामा करून नव्याने भरण्याचा खटाटोप सुरू झाला, आणि त्यात पुसण्याची आज्ञा मुख्य सर्व्हरवर चालली. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले. स्टँडबाय आधीच रिकामा होता. रोजचा डम्प जुन्या ९.२ आवृत्तीच्या प्रोग्रॅमने ९.६ च्या डेटाबेसवर चालत होता, म्हणजे रोज फसत होता. त्याच्या इशाऱ्याच्या मेल परस्पर नाकारल्या जात होत्या. वाचवले ते दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या सहा तास जुन्या स्नॅपशॉटने. कंपनीने हे सारे लपवले नाही, सविस्तर जाहीर केले. या धंद्यातल्या प्रत्येकाने ते वाचायला हवे.

तेव्हा मांडणी अशी हवी: ठरावीक अंतराने बेस बॅकअप, आणि मधल्या काळातला सगळा वॉल वेगळ्या जागी आर्काइव्ह. मग चुकीच्या क्षणाच्या थोडे आधीपर्यंत, दुसऱ्या सर्व्हरवर, डेटाबेस उभा करता येतो. ठरवलेल्या वेळेला पोचल्यावर तो मूळ सेटिंगप्रमाणे थांबतो. डेटा तपासावा, हवा तोच क्षण असेल तर पुढे जावे. आर्काइव्हची कमांड मात्र काळजीने लिहावी. फाइल पक्की पोचल्याशिवाय तिने शून्य परत देता कामा नये, कारण शून्य मिळाले की पोस्टग्रेस तो तुकडा पोचला असे धरतो आणि यथावकाश काढून टाकतो. कमांड फसतच राहिली तर वॉल साचून डिस्क भरते आणि डेटाबेस बंद पडतो. म्हणून त्या कमांडवर रोज नजर हवी.

रिस्टोअरही खऱ्या आकाराच्या डेटावर, घड्याळ लावून करून पाहावा. वॉल लागू करण्याचे काम पोस्टग्रेसमध्ये एकच प्रोसेस करते, त्यामुळे बेस बॅकअप जितका जुना, तितका हा वेळ वाढतो. कामकाज किती तास बंद राहिलेले चालेल हे संस्थेने आधी ठरवावे, आणि बेस बॅकअप रोज घ्यायचा की आठवड्याला, हे त्या मोजलेल्या वेळेवरून ठरवावे.