संगणकाचा ताप कोण मोजतो?

पुण्याच्या सदाशिव पेठेत, टिळक रस्त्याच्या आजूबाजूला, संगणकाची दुकाने आहेत. समजा, एखाद्या गावचे गुरुजी शाळेसाठी संगणक घ्यायला तिथे गेले. पैसे बेताचेच, तेही गावाने वर्गणी काढून जमवलेले. दुकानदार स्वस्तातला मदरबोर्ड घालून यंत्र जुळवून देतो, चालू करतो आणि पडद्यावरचे आकडे दाखवतो. "हे बघा गुरुजी, प्रोसेसर बेचाळीस अंश, पंखा फिरतोय, व्होल्टेज बरोबर. यंत्र आपलं आपण सगळं सांगतं!" गुरुजी समाधानाने एस्‌टी पकडतात.

यंत्र सांगते, हे खरे. पण ते काय सांगत नाही, हे गुरुजींना कोण सांगणार? आज आपण त्याचीच हकीकत पाहू.

पुणेकरांना हा प्रश्न तसा जुनाच आहे. अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळाने शहरात आणले गेले. त्या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. उच्छ्वासापाशी आत डोकावता येई. पण दोन उच्छ्वासांच्या मधे काय चालले आहे, ते अंदाजानेच ओळखावे लागे. संगणकाचेही असेच आहे. जिथे सेन्सर बसवला तिथलेच कळते, मधले कळत नाही.

१९८१ साली आय.बी.एम. कंपनीचा 'पीसी' बाजारात आला, तेव्हा त्याच्या प्रोसेसरवर पंखासुद्धा नव्हता. काम संथ, त्यामुळे उष्णताही थोडी. पुढे वेग वाढला, तसा ताप वाढला. १९९३ साली आलेला पहिला पेंटियम सुमारे १५ वॅट उष्णता टाकू लागला. घरातला एखादा लहान दिवा चिमटीएवढ्या जागेत कोंबावा, तसे झाले. मग डोक्यावर पंखा आला. आणि पंखा आला तशी नवी काळजीही आली. तो बंद पडला तर काय?

म्हणून १९९० नंतरच्या दशकात नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीने 'एलएम ७८' नावाची चिप काढली. ती एक तापमान, सात व्होल्टेज आणि तीन पंखे यांवर लक्ष ठेवी. सोय मोठी झाली. मात्र तापमानाचा सेन्सर होता त्या चिपच्याच पोटात! म्हणजे ती प्रोसेसरचा ताप मोजत नव्हती, स्वतःच्या शेजारची ऊब मोजत होती. रोगी खाटेवर आणि थर्मामीटर कोनाड्यात, असला तो प्रकार. प्रोसेसरजवळचे तापमान हवे असेल तर वेगळा सेन्सर लावावा लागे, आणि त्याला पैसे पडत.

व्होल्टेजचे पाहा. ही चिप जेमतेम चार व्होल्टपर्यंतच मोजू शके. बारा व्होल्ट मोजायचे तर दोन रोधक लावून त्याचा साधारण चौथा हिस्सा तिला द्यायचा आणि आलेल्या आकड्याला पुन्हा गुणायचे. कितीने गुणायचे, हे मदरबोर्ड बनवणाऱ्यालाच ठाऊक. आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने चुकीच्या संख्येने गुणले, की धडधाकट बारा व्होल्टही साडेदहा दिसतात.

पंख्याची तऱ्हा आणखी न्यारी. नेहमीच्या मांडणीत मिनिटाला सुमारे २६०० फेऱ्यांपेक्षा हळू फिरणारा पंखा या चिपला मोजताच येत नसे. पंखा डोळ्यांसमोर फिरतो आहे आणि पडद्यावर मात्र शून्य!

१९९८ च्या सुमारास फ्रोडो लोयार्ड आणि फिलिप एडेलब्रॉक या दोघांनी लिनक्ससाठी हे आकडे वाचण्याचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. चिपची माहिती छापील मिळे. पण कोणती तार कुठे जोडली आणि कोणत्या संख्येने गुणायचे, हे प्रत्येक मदरबोर्डाला निराळे. पुष्कळ उत्पादक ते सांगतच नसत.

२००१ साली झालेली एक चाचणी जगभर गाजली. चालू संगणकाच्या प्रोसेसरवरून हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, काढून घेतला. पेंटियम ४ ने आपला वेग कमी केला आणि तो वाचला. पेंटियम ३ थांबला, पण जळाला नाही. त्या वेळचे अ‍ॅथलॉन मात्र काही क्षणांत जळून गेले. धडा असा, की नुसते मोजून भागत नाही, त्या मोजमापावर कोणीतरी वेळेवर कृतीही करावी लागते. पुढे प्रोसेसरच्या आतच सेन्सर आणि स्वतःला आवरण्याची सोय आली. त्यामुळे आज स्वस्त संगणकातही प्रोसेसर सहसा असा जळत नाही.

मग काळजी कसली? सांगतो. प्रोसेसरच्या शेजारी एक छोटे वीजघर असते. ते बारा व्होल्टचा साधारण एक-दीड व्होल्ट करून प्रोसेसरला पुरवते. हे काम फार तापते. महाग मदरबोर्डावर तिथे सेन्सर असतो, शिवाय वर धातूचा ठोकळाही असतो. स्वस्त मदरबोर्डावर बहुधा दोन्ही नसतात. प्रोसेसर बेचाळीस अंश दाखवतो आणि शेजारचे वीजघर भाजत असते, तरी पडद्यावर त्याची अक्षरानेही नोंद नाही. उलट कधी चिपचे एखादे टोक कुठेच जोडलेले नसते आणि तिथे १२७ अंश असा आकडा उमटतो. तो पाहून घाबरू नका. ते तापमान नाही, ती रिकामी जागा आहे.

तेव्हा गुरुजी, संगणक घेताना एवढे विचारा: "सेन्सर किती आणि कुठे कुठे आहेत? वीजघरावर ठोकळा आहे का?" थोड्या पैशांसाठी तो सोडू नका. संगणक शाळेत आला, की एक वही घाला. दर महिन्याला, तासभर काम झाल्यावर, प्रोसेसरचे तापमान आणि खोलीचे तापमान लिहून ठेवा. एकटा आकडा फसवा असेल, पण गेल्या महिन्यापेक्षा दहा अंश चढला, तर धूळ साचली किंवा पंखा दमला असे समजावे. मागच्या झरोक्यापाशी हात धरून वारा येतो का पाहा. पंख्याचा आवाज ओळखीचा करून घ्या. धूळ काढायची ती वीज पूर्ण तोडून, आणि वीजपुरवठ्याची बंद पेटी मात्र कधीच उघडू नका. मदरबोर्डावरच्या लहान डब्यांसारख्या कपॅसिटरांची डोकी फुगली असतील तर जाणकाराला दाखवा. २००० सालानंतर काही वर्षे निकृष्ट कपॅसिटरांनी अनेक मदरबोर्ड असेच निकामी केले, आणि त्याची सूचना एकाही सेन्सरने दिली नव्हती.

आणि मुलांनाही हे दाखवा. पडद्यावरचा आकडा कुठून आला, हे विचारायची सवय त्यांना या एका यंत्रापाशी लागली, तर ती पुढे नकाशा वाचताना, बाजारात वजन-माप घेताना आणि दवाखान्यातला कागद हाती घेतानाही उपयोगी पडेल. गावाच्या वर्गणीचे त्याहून चांगले व्याज दुसरे कोणते?